सुवाच्य सही

भामाबाई चक्कर येऊन पडल्या, पण पडण्याआधी त्यांनी अंड्यांची पाटी व्यवस्थित खाली टेकवली होती. त्यामुळे अंडी सगळी शाबूत राहिली आणि भामाबाई तेवढ्या ज्ञानदेव गुरुजींच्या ओसरीवर आडव्या झाल्या. गुरुजींची सून अंजली बारामतीला दवाखान्यात नर्स. त्या दिवशी नेमकी तिची सुटी होती. तिनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, गुरुजींच्या पत्नी ताईबाईंनी पदरानं वारा घातला, आणि गुरुजींनी, करण्यासारखं दुसरं काही उरलं नसल्यामुळे, कारणमीमांसा केली.

कारण साऱ्या बोरकुटेवाडीला माहीत होतं. लासुर्ण्याकडून बारामतीला जाणारी एसटी गावच्या फाट्यावर थांबते. फाट्यावर पत्र्याचा एक निवारा होता, आत बसायला बाकडं होतं. पाच महिन्यांपूर्वी ग्रामपंचायतीनं तो निवारा नटबोल्ट खोलून उचलला आणि दोन फर्लांग अलीकडे, सरपंच मोहनरावांच्या साडूच्या चहाच्या हॉटेलासमोर नेऊन बसवला. एसटीला हे कुणी कळवलं नाही, ती अजून फाट्यावरच थांबते. सावलीत बसावं तर एसटी जाते, आणि एसटी धरायची तर ऊन खावं लागतं. सत्तरीच्या भामाबाई दर बाजारच्या दिवशी अंड्यांची पाटी घेऊन ऊन खात होत्या.

"तुम्ही तक्रार का नाही केली कुठं?" गुरुजींनी विचारलं.

भामाबाईंनी उठून बसत त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "कुणाकडं करू? ज्यानं केलंय त्याला ठाव न्हाय व्हय?" एवढंच म्हणून त्यांनी पाटी उचलली.

गुरुजींना ते शब्द लागले. चौतीस वर्षं त्यांनी बारामतीच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं होतं. 'ग्रामसभेचे महत्त्व लिहा' या प्रश्नाची हजारो उत्तरं त्यांनी तपासली होती आणि 'ग्रामसभा हा लोकशाहीचा पाया आहे' हे वाक्य नसलं की निर्दयपणे अर्धा गुण कापला होता. स्वतः ग्रामसभेला ते कधी गेले नव्हते. आधी नोकरी बारामतीला, आणि निवृत्तीनंतर सभेची वेळ नेमकी जेवणानंतरच्या डुलकीवर येई. तरी त्यांची हजेरी कधी चुकली नव्हती. सभा झाली की पंचायतीचा शिपाई जयवंता रजिस्टर घेऊन ओसरीवर यायचा. "गणपूर्ती करायची हाय गुरुजी, तेवडी सही द्या," म्हणायचा. गुरुजी सही द्यायचे. सगळं गाव असंच सभेला हजर असे.

पण आता गुरुजी पेटले. नागरिकाच्या हातात काय काय असतं हे गावाला एकदा दाखवून द्यायचंच, असं त्यांनी ठरवलं.

सुरुवात त्यांनी वरून केली. अंजलीकडून मोबाइलवर सरकारच्या तक्रार पोर्टलवर खातं उघडून घेतलं आणि दीड पानी तक्रार टाकली. पंधरा दिवसांत उत्तर आलं की सदर तक्रार बोरकुटेवाडी ग्रामपंचायतीकडे वर्ग करून निकाली काढण्यात आली आहे. मग ते आमदारांच्या जनता दरबारात गेले. तिथं चहा मिळाला, नाव-गाव-फोन लिहून घेतला गेला, आणि साहेबांनी लक्ष घातलंय असं साहेबांना न विचारताच सांगण्यात आलं. मग पंचायत समितीला पत्र गेलं, त्यामागून तीन स्मरणपत्रं गेली. शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला. निवारा हलवण्याच्या ठरावाची साक्षांकित प्रत द्यावी आणि हा ठराव मांडणाऱ्या सूचकाचं नाव कळवावं.

उत्तराला तीस दिवसांची मुदत होती. तेवढ्या काळात हातावर हात ठेवून बसणं लोकशाहीत बसत नसल्यामुळे गुरुजींनी विशेष ग्रामसभेची मागणी करायचं ठरवलं. त्यासाठी मतदारांच्या सह्या हव्या होत्या. गुरुजी कागद घेऊन दारोदार फिरले आणि प्रत्येकाला बजावत राहिले की आधी वाचा, मग सही करा. शेजारचे तात्याबा कागदाकडे न बघता पेन शोधायला लागले.

"अहो तात्याबा, वाचा तरी."

"तुमी आणलाय म्हणल्यावर वाचायचा कशाला?"

ही गोष्ट गुरुजींना चुकीची वाटायला हवी होती. ती त्यांना फार बरी वाटली.

दोनशे दहा सह्या झाल्या, सभेची तारीख लागली. त्या आनंदात गुरुजींनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'ज्या महाभागाने हा ठराव सुचवला, त्याने ग्रामसभेत उभे राहून भामाबाईंची जाहीर क्षमा मागावी. नाहीतर मी त्याला उभा करीन.' त्यावर चौसष्ट अंगठे आले. हात जोडलेले तेवढेच. एकानं डोळा मिचकावणारा चेहरा टाकला होता, तो गुरुजींनी चुकून पडला असं समजून सोडून दिला.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी जयवंता लखोटा घेऊन आला. एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा जयवंता लखोटा ओसरीवर ठेवून सायकलवर बसलासुद्धा.

गुरुजींनी चष्मा पुसला, लखोटा फोडला. प्रवाशांच्या सोयीच्या दृष्टीने एसटी निवारा योग्य जागी स्थलांतरित करणेत यावा, ठराव सर्वानुमते मंजूर. त्याखाली सूचक म्हणून एक नाव होतं. ते गुरुजींचं होतं, वडिलांच्या नावासकट. खाली हजेरीच्या पानाची झेरॉक्स होती आणि तीत पहिल्याच ओळीवर त्यांची सही मोत्यासारखी चमकत होती.

गुरुजींनी कागद उलटा करून मागचं कोरं पान पाहिलं. मग सरळ करून पुन्हा वाचला. नाव तेच होतं.

ते तसेच पंचायतीत गेले. ग्रामसेवक, म्हणजे गावाचे भाऊसाहेब, एकटेच बसले होते. गुरुजींनी दार लोटून घेतलं आणि कागद पुढे सरकवला.

"हे मी कधी सुचवलं?"

भाऊसाहेब जरासुद्धा गडबडले नाहीत. "त्याचं असंय गुरुजी, ठरावाला सूचक लागतो. रजिस्टर पुढं घेतलं तर निम्मे अंगठे आणि निम्मे कोंबडीचे पाय. कुणाचं नाव काय, काही लागत नाही. एकच सही अशी, की पूर्ण नाव, शिरोरेघ सरळ, वेलांटी जिथल्या तिथं. मी काय करणार?"

"मला विचारायचं तरी एकदा."

"सही केलेल्या माणसाला परत विचारायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं."

 गुरुजींनी हळूच विचारलं की असे अजून किती आहेत. भाऊसाहेबांनी वही उघडून बोट फिरवलं आणि चार वर्षांत एकोणसाठ, असं जरा अभिमानानंच सांगितलं. शाळेमागचा कडुलिंब गुरुजींनी तोडायला लावला होता. ज्यांचं नाव घेतलेलंही त्यांना आवडत नसे अशा एका मंत्र्याचं त्यांनी दोनदा अभिनंदन केलं होतं. आणि पाणीपट्टी वाढवण्याची सूचनाही त्यांचीच होती. त्या वाढीविरुद्ध त्यांचं एक खणखणीत पत्र पेपरात छापून आलं होतं, त्याचं कात्रण अजून घरात पेटीत होतं.

"सबंध तालुक्यात तुमच्याएवढा कार्यक्षम नागरिक नसेल," भाऊसाहेब म्हणाले. ते मनापासून बोलत होते, हेच वाईट होतं.

गुरुजींनी सभा पुढे ढकलण्याची विनंती केली. भाऊसाहेबांनी फाइलमधून त्यांचाच सभेच्या मागणीचा अर्ज काढून दाखवला. त्यात 'कोणत्याही सबबीवर ही सभा पुढे ढकलू नये' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. शिवाय एवढ्या स्मरणपत्रांमुळे पंचायत समितीचे विस्तार अधिकारी स्वतः निरीक्षणाला येणार होते.

गुरुजी ओढ्याकडच्या वाटेनं घरी आले, म्हणजे वाटेत कुणी भेटू नये. ताईबाईंना त्यांनी सगळं सांगितलं, कारण त्यांना न सांगता घरात वावरणं चाळीस वर्षांत कधी जमलं नव्हतं.

"मग सांगा की उद्या उठून," ताईबाई डाळ निवडत म्हणाल्या. "चुकलं म्हणायचं. त्यात काय."

"अगं, मी ग्रुपवर काय लिहून बसलोय."

"ल्ह्यायच्या आदी चौकशी करायची आन् सही करायच्या आदी वाचायचं. पोरांना न्हाय व्हय हेच शिकवलं तुमी?"

 गुरुजींनी दुसरा मार्ग शोधला. सभेला शंभर माणसं जमली नाहीत तर गणपूर्ती होत नाही, आणि गणपूर्ती नाही तर सभा नाही. आजवर बोरकुटेवाडीच्या सभेला बारापेक्षा जास्त माणूस कधी प्रत्यक्ष आलेला नव्हता. लोकांनी फक्त नेहमीसारखं वागायचं होतं.

तेव्हा गुरुजी पुन्हा दारोदार फिरले. उन्हाचं कुठं येता, तुमचं पाण्याच्या पाळीचं काम असेल, नाही आलात तरी चालेल, असं सांगत फिरले. तात्याबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"वरनं दबाव आलाय का, गुरुजी?"

"नाही हो. कसला दबाव."

"तुमी सांगू नका. आमाला कळतंय." तात्याबांनी छातीवर हात ठेवला. "तुमी निर्धास्त ऱ्हावा."

तासाभरात ग्रुपवर आलं की गुरुजींना गप्प बसवायचा डाव आहे, उद्या घरटी दोन माणसं आली पाहिजेत. गुरुजींनी 'असे काही नाही' असं लिहिलं. त्याखाली तात्याबांनी लिहिलं, 'बघा, आता त्यांच्याकडून हे पण लिहून घेतलं.'

सभेच्या दिवशी गुरुजींनी शेवटचा उपाय म्हणून डोकं गरगरतंय असं सांगून पाहिलं. अंजलीनं मुकाट्यानं बीपीचं मशीन आणलं, पट्टा बांधला आणि आकडा बघून पुन्हा सोडला.

"आबा, तुमचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आईंनी सांगितलंय मला. चला, मी पण येते."

शाळेच्या पटांगणात अडीचशे माणूस होतं. तात्याबांनी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून वस्तीवरची माणसं आणली होती. विस्तार अधिकारी मोबाइलवर गर्दीचे फोटो काढत होते, कारण नुसतं सांगून कचेरीत कुणी विश्वास ठेवला नसता. पहिल्या रांगेत भामाबाई बसल्या होत्या. सरपंच मोहनराव सारखा घाम पुसत होते.

गुरुजी उठले. 

"निवारा हलवण्याचा ठराव," ते म्हणाले, "मी सुचवला. म्हणजे मी सुचवला नाही, पण सही माझी आहे. मी न वाचता केली. सभेला न येता केली. चार वर्षं करत आलोय. मला लाज वाटते. भामाबाई, मला माफ करा."

ते मान खाली घालून उभे राहिले. आता दगड येतील, निदान शब्द तरी येतील, अशी त्यांची अपेक्षा होती. काहीच आलं नाही. मागं कुणीतरी तंबाखूची डबी टक् करून मिटली.

"ते ठाव हाय की वो आमाला," तात्याबा बसल्याजागेवरून म्हणाले.

गुरुजींनी मान वर केली.

"बोर्डावर आठ म्हयनं लावलंय. सूचक म्हणून तुमचं नाव. येता-जाता समदी वाचत्यात."

पंचायतीचा फलक गुरुजींच्या घरापासून पन्नास पावलांवर होता. गुरुजी आमदारांपर्यंत गेले होते, तेवढा फलक राहिला होता.

"मग इतके दिवस बोललात का नाही कुणी?"

"आमाला वाटलं तुमी पंचायतीला हुबं ऱ्हाताय," तात्याबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "आदी आपणच काडायचं, मग लोकांची ओरड झाली की आपणच परत बशिवायचं. आन् वर शोधायचं, कुणी काडलं म्हणून. म्हणलं, गुरुजी शिकल्यालं हायत, पर राजकारण बी समजतंय."

पटांगणातून कौतुकाची एक लाट आली. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. एकानं तर ही माफीची आयडिया लई भारी, अशी शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं दाद दिली. मोहनरावांनी वारा ओळखला. त्यांनी चटकन उठून गुरुजींच्या मोठ्या मनाबद्दल दोन शब्द सांगितले आणि निवारा परत फाट्यावर नेण्यास आपली केव्हाही हरकत नव्हती, असं जाहीर केलं. येत्या निवडणुकीत तीन नंबरच्या वॉर्डातून गुरुजी, अशी घोषणा मागच्या बाजूला सुरूही झाली.

गुरुजी "नाही, नाही" म्हणत होते. जितक्या वेळा म्हणत होते तितकी त्यांची मुत्सद्देगिरी लोकांना पटत होती. या सगळ्या सभेत लाज वाटलेला माणूस एकच होता आणि त्याच्यावर कुणाचाही विश्वास नव्हता.

टाळ्या ओसरल्यावर भामाबाई बोलल्या. त्या उठल्या नाहीत की त्यांनी आवाज चढवला नाही.

"मला त्ये राजकारणाचं ठाव न्हाय," त्या म्हणाल्या. "मला नातीनं बोर्ड वाचून दावला. म्हणलं, गुरुजीनं सुचवलंय. शिकल्याला माणूस, उगं कशाला सुचवंल. काय तरी चांगलं आसंल त्यात, आपल्याला कळत नसंल. म्हणून मी काय न बोलता उनात बसली."

त्यावर कुणी टाळी वाजवली नाही. गुरुजींना चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोप समारंभात मिळालेल्या शाली, नारळ, मानपत्र सगळं आठवलं आणि त्यातलं काहीही अंगावर ओढून घेता येईना.

भाऊसाहेबांनी ठराव लिहून आणला होता. सभेच्या आधीच आणला होता, कारण त्यांची पद्धतच तशी होती. त्यांनी सूचक म्हणून गुरुजींपुढे पेन धरलं. गुरुजींनी पेन बाजूला ठेवलं आणि कागद वाचायला घेतला. पहिलं दीड पान सरपंचांच्या दूरदृष्टीबद्दल होतं. गुरुजींनी ते खोडलं. पुढे साडूंनी निवाऱ्याची आठ महिने निगा राखल्याबद्दल त्यांचे आभार होते. तेही खोडलं. 'योग्य जागी' या शब्दांवर ते बराच वेळ थांबले आणि जागा कुठली ते लिहा, म्हणाले. भाऊसाहेब फाटा कुठून कुठवर धरायचा ते विचारू लागले.

एवढ्यात डेअरीवर दूध घालायची वेळ झाली. आधी ट्रॉली गेली, मग मोटारसायकली गेल्या. विस्तार अधिकाऱ्यांनी डोकी मोजली, ती त्र्याहत्तर भरली. गणपूर्ती मोडली होती. अडीचशे माणसांची ऐतिहासिक सभा ठरावाच्या दुसऱ्या पानावर तहकूब झाली.

"काळजी करू नका," भाऊसाहेब कागद गोळा करत म्हणाले. "तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही."

आठ दिवसांनी तहकूब सभा भरली. सरपंच होते, कारण त्यांना असणं भाग होतं. भाऊसाहेब आणि जयवंता पगारी होते. नागरिक म्हणून गुरुजी आले, अंजली रजा काढून आली, आणि बाजारची पाटी शेजारी ठेवून भामाबाई आल्या. पटांगणाची गरज नव्हती म्हणून सगळे पंचायतीच्या खोलीत बसले.

ठराव आता चार ओळींचा होता. निवारा फाट्यावर, एसटी थांबते तिथं, पंधरा दिवसांच्या आत. सूचक कोण, असं भाऊसाहेबांनी विचारलं. गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले.

"मी हाय," भामाबाई म्हणाल्या. "आदी वाचून दावा."

जयवंतानं शाईचं पॅड उघडून पुढे सरकवलं, पण त्यांनी हात पदराखालीच ठेवला. गुरुजींनी कागद घेतला आणि सावकाश, शब्द न् शब्द सुटा करून, वर्गात पहिल्यांदा धडा वाचावा तसा चारही ओळी वाचल्या. भामाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांनी तो कागद गुरुजींच्या हातातून काढून घेतला आणि भाऊसाहेबांपुढे धरला.

"आता तुमी वाचा."

भाऊसाहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. भाऊसाहेबांनी वाचलं. भामाबाई ओठ हलवत एकेक शब्द ताडून बघत होत्या. चौथी ओळ संपली.

"जुळतंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अंगठा पुढे केला.